दुभाषा दवाखान्याचा हवा

आरशासमोर उभं राहून आवाज न काढता आधी ‘पोट’ म्हणा, मग ‘बोट’. ओठ दोन्ही वेळा सारखेच हलतात. प, ब आणि म ही तिन्ही अक्षरं ओठ मिटूनच निघतात. त्यांच्यातला फरक घशात आणि नाकात होतो आणि तिथे समोरच्याची नजर पोचत नाही. क आणि ग तर तोंडात इतके आत तयार होतात की ओठांवर त्यांचा मागमूसही दिसत नाही. ‘पोट दुखतं का?’ हा प्रश्न ऐकू न येणाऱ्या पेशंटला ओठांवरून कळेल असं धरून चालणारा डॉक्टर खरं तर अर्धाच प्रश्न विचारत असतो. तोंडावर मास्क असला की तो अर्धाही राहत नाही.

पांढुर्णा आणि सौंसरच्या पट्ट्यात ही अडचण दुणावते. हा मुलूख मध्य प्रदेशात, पण घरोघरचं बोलणं मराठी. छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा काढून ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि हे दोन्ही तालुके त्यात आले. सरकारी कागद हिंदीत, डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत आणि दुखणं हाताबाहेर गेलं की रस्ता नागपूरचा, अशी इथली रीत आहे. ऐकू येणाऱ्या पोराच्या कानावर या भाषा जाता-येता पडतात आणि तो त्या कधी शिकला हे घरच्यांनाही कळत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला मात्र यातली एकही भाषा आयती मिळत नाही. आईचे ओठ मराठीत हलतात, शाळेच्या फळ्यावर हिंदी असते आणि ज्या बोलीच्या आधारानं वाचायला शिकायचं ती बोलीच कानात नसते. म्हणून ‘ऐकू येत नाही तर लिहून दाखवा’ हा तोडगा वाटतो तेवढा सोपा नाही. कितीतरी कर्णबधिर माणसं सही करतात, बसची पाटी वाचतात, मोबाइलवर निरोपही पाठवतात. पण ‘सात दिवस रोज एक, त्यानंतर दिवसाआड अर्धी’ हे वाक्य त्यांतल्या अनेकांसाठी परक्या भाषेतलंच असतं.

२०११ च्या जनगणनेत देशभरातल्या २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींपैकी सुमारे ५० लाख ७१ हजार जणांना ऐकण्याचं अपंगत्व असल्याची नोंद झाली. या सगळ्यांची गरज एकसारखी नाही. उतारवयात कान मंदावलेल्या आजोबांना मशीन लागतं, समोर बसून सावकाश बोलणारा माणूस लागतो, मोठ्या अक्षरातली चिठ्ठी चालते. लहानपणीच ऐकणं गेलेल्या आणि हातांनी बोलणाऱ्या माणसाचं त्यानं भागत नाही. त्याला त्याच्या भाषेत बोलणारं कुणी तरी लागतं. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

हकिगत कुणाची आणि सांगतं कोण

रक्त, लघवी, सोनोग्राफी या तपासण्या कितीही सुधारल्या तरी निदानाची सुरुवात पेशंटच्या सांगण्यातूनच होते. छातीत दुखतंय म्हणजे कसं दुखतंय? चमक येते की दाबल्यासारखं वाटतं? जिना चढताना वाढतं की जेवल्यावर? डाव्या हातात जातं का, घाम येतो का? याच उत्तरांवरून डॉक्टर ठरवतो की पित्ताची गोळी द्यायची की ताबडतोब ईसीजी काढायचा. ही प्रश्नोत्तरं झालीच नाहीत तर डॉक्टर अंदाजानं तपासण्या लिहून देतो. पैसे जास्त जातात आणि दुखण्याचा पत्ता लागेलच याची खात्री नसते. म्हणजे दुभाष्याची गरज पेशंटला जेवढी आहे तेवढीच डॉक्टरलाही आहे. पेशंट हातांनी सगळं सांगत असतो, ते ‘ऐकू’ येत नसतं डॉक्टरला.

ही पोकळी आपल्याकडे घरची माणसं भरून काढतात. आई, भाऊ, वहिनी, कधी शाळेतली मुलगी. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण दुभाष्याचं काम मायेनं होत नाही. डॉक्टर दहा मिनिटं बोलतात आणि भाऊ दोन खुणांत आटपतो: साखर वाढली, गोळ्या घे. जेवण कसं बदलायचं, पायाला जखम झाली तर काय करायचं, चक्कर आली तर लगेच काय खायचं, हे सगळं वाटेत गळून जातं. पेशंटनं काही विचारलं तर ‘मी सांगतो तुला घरी’ असं उत्तर मिळतं आणि घरी ते राहून जातं.

बाईच्या वाट्याला याहून अवघड प्रसंग येतो. पाळीची तक्रार, अंगावरून जाणं, दिवस राहणं, नवऱ्याचा मार, सासरचा जाच, हे दिराच्या खुणांमधून डॉक्टरपर्यंत कसं पोचणार? जो मारतो तोच दुभाषा म्हणून शेजारी बसला असेल तर? पेशंटनं सांगितलेलं गुपित फोडू नये, असं वैद्यकीय व्यवसायाची आचारसंहिता डॉक्टरला बजावते. कर्णबधिर पेशंटचं गुपित मात्र डॉक्टरच्या कानावर जाण्याआधीच घरभर झालेलं असतं. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखालच्या नियमांनी, आणीबाणीचा प्रसंग सोडला तर, लहान मुलांना दुभाषा म्हणून वापरायला मनाई केली आहे. आईला कॅन्सर असल्याचं दहा वर्षांच्या मुलीनं आईला हातांनी सांगावं, ही वेळ तिच्यावर येऊ नये म्हणून.

संमतीचा प्रश्नही इथेच येतो. ऑपरेशनच्या कागदावर ‘नातेवाइकाची सही’ घेऊन काम चालवायची सवय आपल्या दवाखान्यांना जुनी आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली याबाबत स्पष्ट निकाल दिला. त्या प्रकरणात पेशंट तपासणीसाठी भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आलं होतं. न्यायालयानं म्हटलं की पेशंट सज्ञान आहे, स्वतः निर्णय घ्यायला समर्थ आहे, जिवावर बेतलेलं नाही, अशा वेळी आईची संमती चालत नाही. शिवाय संमती घेण्याआधी उपचार काय आहे, त्याला पर्याय कोणते, धोका किती, हे पेशंटला समजेल असं सांगितलं पाहिजे. त्या बाईंना ऐकू येत होतं. पण ‘समजेल असं’ याचा अर्थ कर्णबधिर पेशंटसाठी काय होतो हे सांगायला वकील नको. जी गोष्ट पेशंटच्या भाषेत सांगितलीच नाही तिच्यावरचा अंगठा म्हणजे नुसती शाई.

हातांच्या भाषेचं व्याकरण

खुणांची भाषा म्हणजे हावभाव करून कसंबसं समजावणं, असा समज पक्का आहे. वास्तविक भारतीय सांकेतिक भाषा ही मराठीसारखीच पूर्ण भाषा आहे. तिला स्वतःचं व्याकरण आहे आणि ते हिंदीचंही नाही, मराठीचंही नाही. काळ सहसा आधी येतो. ‘काय’, ‘कुठे’, ‘कधी’ हे प्रश्नाचे शब्द वाक्याच्या शेवटी जातात, नकारही शेवटी येतो. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. हात ज्या जागी, ज्या दिशेला, ज्या वेगानं हलतो त्यालाही अर्थ असतो. त्यामुळे या भाषेत दुखणं सांगायची जी सोय आहे ती बोलण्यात नाही. हात थेट दुखऱ्या जागी जातो, कळ कुठून निघाली आणि कुठवर गेली ते दाखवतो, ठसठस आहे की चमक ते बोटांच्या हालचालीत आणि चेहऱ्यावर दिसतं. दुभाषा नसेल तर एवढी नेमकी माहिती समोर असूनही डॉक्टरला वाचता येत नाही.

या भाषेवर सरकारी पातळीवर काम व्हायला उशीर झाला. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. पण केवळ सांकेतिक भाषेला वाहिलेलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत स्थापन झालं ते सप्टेंबर २०१५ मध्ये. या केंद्रानं २०१८ साली ३,००० शब्दांचा कोश काढला, २०१९ मध्ये तो ६,००० वर नेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये १०,००० वर. त्यात वैद्यकीय शब्दांचा वेगळा विभाग आहे आणि प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ आहे. दुभाषा होण्यासाठी दोन वर्षांची पदविका आहे, तिला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते.

दोन वर्षं शिकायचं काय, असं वाटेल. भाषा तर येतेच पाहिजे, पण त्याखेरीज दुभाष्याचे काही नियम आहेत. बोललं गेलेलं सगळं पोचवायचं, त्यात भर घालायची नाही, गाळायचंही नाही. डॉक्टर नर्सला काही पुटपुटले तर तेही पेशंटला सांगायचं, कारण ऐकू येणाऱ्या पेशंटनं ते ऐकलंच असतं. सल्ला द्यायचा नाही. बाहेर पडल्यावर तोंड बंद. पेशंट ‘मला भीती वाटते’ म्हणाला तर दुभाषाही ‘मला भीती वाटते’ असंच म्हणतो, ‘यांना भीती वाटते’ असं म्हणत नाही. तो बसतो डॉक्टरच्या बाजूला, किंचित मागे, म्हणजे पेशंटला दोघांचे चेहरे एका नजरेत दिसतात. डॉक्टरनं पेशंटकडे बघून बोलायचं असतं. ‘यांना विचारा की...’ अशी सुरुवात झाली की पेशंट त्या खोलीत असून नसल्यासारखा होतो.

सगळ्याच कर्णबधिरांना ही प्रमाण भाषा येते असं मात्र नाही. विशेष शाळा न मिळालेली खेड्यातली माणसं घरापुरत्या खुणांवर आयुष्य काढतात. त्या खुणा आई-बहिणीला कळतात, गल्लीबाहेर कुणाला कळत नाहीत. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोचलेल्या आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये भारतात परत आलेल्या कर्णबधिर गीताची गोष्ट अनेकांना आठवत असेल. ती इंदूरला राहिली. तिथल्या आनंद सर्व्हिस सोसायटीचे ज्ञानेंद्र आणि मोनिका पुरोहित हे सांकेतिक भाषेचे जाणकार तिच्याबरोबर काम करत होते. आपलं गाव कुठलं, हे तिला नाव घेऊन सांगता येत नव्हतं. रेल्वे, नदी, देऊळ, शेत अशा आठवणींच्या तुकड्यांवरून माग काढत शोध मराठवाड्यापर्यंत आला आणि २०२१ मध्ये परभणी भागातल्या एका कुटुंबाशी तिचं नातं जुळलं. घरच्या खुणांमधून अर्थ काढायला किती सबुरी लागते हे त्यातून दिसलं. दवाखान्यात एवढी वर्षं हाताशी नसतात. अशा वेळी जगात एक पद्धत वापरतात: ऐकू येणाऱ्या दुभाष्याच्या जोडीला एक कर्णबधिर दुभाषा घेतात. तोही त्याच अनुभवातून वाढलेला असल्यामुळे चित्रं, नक्कल, वस्तू दाखवणं असं काहीही वापरून तो पेशंटच्या मनापर्यंत पोचतो. घरच्या माणसांचा खरा उपयोग इथे होतो. त्यांना माहीत असलेल्या खुणा त्यांनी या दोघांना सांगाव्यात, पण बोलणं दुभाष्यांवर सोडावं.

कायदा आहे, खर्च किती?

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं २००७ मध्ये स्वीकारला. त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्याचं २५ वं कलम आरोग्याचं आहे. सरकारी असो की खाजगी, रुग्णालयाच्या प्रत्येक भागात अडथळ्याविना प्रवेश मिळाला पाहिजे, तपासणीत आणि उपचारात प्राधान्य मिळालं पाहिजे, असं ते सांगतं. आपण ‘अडथळा’ म्हटलं की पायऱ्या डोळ्यांसमोर आणतो आणि रॅम्प बांधून मोकळे होतो. कर्णबधिराला पायऱ्या चढता येतात, त्याचा अडथळा पायऱ्या संपल्यावर डॉक्टरच्या टेबलापाशी सुरू होतो. याच कायद्यानं ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा घेतलेली आहे.

न्यायव्यवस्थेनं ही गोष्ट दवाखान्यांच्या आधी ओळखली. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीनंतर लैंगिक अत्याचाराची तक्रार देणारी स्त्री अपंग असेल तर दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीनं तिची तक्रार नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या मदतीनं सर्वोच्च न्यायालयात काम चालवलं. साक्षीदाराचा शब्द महत्त्वाचा मानला तर त्यासाठी दुभाषा मिळतो. पेशंटचा शब्दही एक साक्षच आहे, स्वतःच्या शरीराबद्दलची. तरी जिल्हा रुग्णालयांच्या पदांच्या यादीत दुभाषा सहसा दिसत नाही.

‘एवढा पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न कॅनडातही विचारला गेला होता. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका कर्णबधिर बाईला जुळी झाली, तीही दिवस भरण्याआधी. दुभाषा नव्हता. बाळंतपण चालू असताना एका बाळाच्या हृदयाचे ठोके कमी झाल्याचं नर्सनं हातवारे करून दाखवलं. मुलं जन्मल्याबरोबर दुसरीकडे नेली आणि आईच्या हाती आली ती एक चिठ्ठी, मुलं ठीक आहेत एवढंच सांगणारी. ‘एल्ड्रिज’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर १९९७ मध्ये निकाल दिला की उपचार फुकट असून ते समजून घ्यायची सोय नसेल तर तो समान वागणुकीच्या हक्काचा भंग आहे, म्हणून दुभाषा सरकारनंच द्यावा. खर्चाचा आकडाही न्यायालयानं मांडला. संपूर्ण प्रांतासाठी दुभाष्यांची सोय करायला वर्षाला सुमारे दीड लाख डॉलर लागणार होते, म्हणजे प्रांताच्या आरोग्यखर्चाच्या ०.००२५ टक्के. लाख रुपयांतले अडीच रुपये.

पांढुर्ण्यात काय करता येईल

इंदूरचा दुभाषा पांढुर्ण्याला बोलावायचा तर तीनशेच्या वर किलोमीटरचा प्रवास. नागपूर त्यामानानं जवळ आहे, सौंसरहून सत्तरेक आणि पांढुर्ण्याहून शंभरेक किलोमीटर, पण रात्री दोन वाजता पोट धरून आलेल्या पेशंटला तेही लांबच. प्रत्येक तालुक्यात चोवीस तास दुभाषा ठेवणं आज शक्य नाही हे मान्य करायला हवं. व्हिडिओ कॉलवरचा दुभाषा मात्र आज शक्य आहे. दिल्लीच्या केंद्रानं २०२३ च्या सांकेतिक भाषा दिनी व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवरून अशी सोय सुरू केली. तपासणीच्या खोलीत एक टॅब आणि तो हलवता येईल असा स्टँड असला की झालं. पेशंट आडवा झोपला असेल तर पडदा त्याच्या डोळ्यांसमोर आणता आला पाहिजे, कॅमेऱ्यात त्याचे दोन्ही हात मावले पाहिजेत. नेट अडखळलं की हातांची वाक्यं तुटतात, म्हणून दवाखान्याचं वायफाय धड असणं ही इथे उपचाराचीच गरज होते. बाळंतपण, मोठं ऑपरेशन, मानसिक आजार, कॅन्सरसारखी बातमी, अशा प्रसंगी पडदा पुरत नाही. तिथे तारीख आधी ठरवून माणूसच बोलवावा.

काही गोष्टींना पैसाही लागत नाही, त्या फक्त माहीत असाव्या लागतात. सलाइनची सुई पेशंट ज्या हातानं जास्त बोलतो त्या हातात टोचू नये; ती टोचून हात पट्टीला बांधला की त्याचं तोंडच बांधलं. एक्स-रेच्या खोलीत तंत्रज्ञ आडोशाला जाऊन ‘श्वास घ्या, रोखा’ म्हणतो ते कर्णबधिराला कळणार कसं? आत जाण्याआधी सराव करून घ्यावा आणि दिव्याची किंवा हाताची खूण ठरवावी. सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत बोलायचं असेल तेव्हा दिवा लावावा. भूल उतरताना पेशंटचा चष्मा लगेच द्यावा. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या डॉक्टरचा चेहरा काळाच दिसतो, तेव्हा खुर्ची फिरवावी. ओपीडीत नाव पुकारून चालत नाही, नंबर दिसला पाहिजे किंवा शिपायानं जाऊन खांद्याला हात लावला पाहिजे. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मान हलवणं. पुष्कळदा त्या मान हलवण्याचा अर्थ ‘तुम्ही बोलताय हे दिसतंय मला’ एवढाच असतो. ‘समजलं ना?’ असं विचारण्यापेक्षा गोळ्यांचं पाकीट हातात देऊन ‘कशा घेणार, दाखवा’ म्हणावं.

इथल्या प्रशासनाला आधीपासून तयारी करायची सवय नाही असंही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीचा खेळ, होते. माणसं जखमी होणार हे ठाऊक असतं, म्हणून डॉक्टरांची पथकं आणि रुग्णवाहिका आधीच नदीकाठी उभ्या असतात आणि गंभीर जखमींना नागपूरला हलवलं जातं. कर्णबधिर पेशंट तर वर्षात कोणत्याही दिवशी येणार, हेही तितकंच ठाऊक आहे. त्याच्यासाठी पथक लागत नाही, ठरलेली रीत लागते.

ती रीत कशी असावी याचा नमुना इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं २०१६ पासून घालून दिला आहे. पेशंटची संवादाची गरज काय ते विचारायचं, त्याच्या कागदावर नोंदवायचं, ते सहज नजरेत भरेल असं करायचं, पुढच्या दवाखान्याला कळवायचं आणि ती गरज भागवायची. पांढुर्ण्या-सौंसरसाठी यातली चौथी पायरी सर्वांत मोलाची. इथला पेशंट ‘रेफर’ होतो तेव्हा तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो, नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत, जिथे त्याला ओळखणारं कुणी नसतं. त्याच्याबरोबर जाते ती फक्त चिठ्ठी. तिच्यावर रक्तगट, ताप, बीपी लिहिलेलं असतंच. त्याच्याखाली ‘पेशंट कर्णबधिर, सांकेतिक भाषेतून बोलतो, दुभाषा लागेल’ एवढी ओळ घालायला अर्धं मिनिट पुरतं. आणि ती ओळ वाचून नागपूरच्या डॉक्टरनं पेशंट पोचायच्या आत दुभाष्याला फोन लावायचा, हे ज्या दिवशी नियमात बसेल त्या दिवशी २५ वं कलम पांढुर्ण्यात लागू झालं असं म्हणता येईल.